आज आयर्विनला किती फूट? सांगलीत नदीकाठी राहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी 1998 साली लग्न होऊन सांगलीच्या गावभागात आले. 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर याच घरात बघितले. दर वर्षी जून संपला की नवीन भाडेकरू, नव्याने लग्न होऊन आलेल्या मुली, शेजारच्या बँकेत बदलून आलेली माणसं तेच तेच प्रश्न विचारायला येतात. जिन्यात उभं राहून दिलेली ती उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. ही उत्तरं सांगली शहराला धरून आहेत, पण भिलवडी, अंकलखोप, डिग्रज, हरिपूर, म्हैसाळच्या लोकांनाही यातलं बरंच लागू पडेल.

इथे तर ऊन पडलंय. मग पूर कसला?

नवीन माणसाची पहिली फसगत इथेच होते. सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाचा नसतो. महाबळेश्वर, कोयनानगर, नवजा, पाथरपुंज, चांदोली या घाटमाथ्यावर जे कोसळतं ते खाली येतं. कृष्णा महाबळेश्वरहून निघते, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना तिला समोरून येऊन भिडते, पुढे भिलवडी, औदुंबरवरून पाणी आपल्याकडे येतं आणि शहर संपता संपता हरिपूरला वारणा मिळते. वारणा पूर्ण फुगलेली असली की ती कृष्णेला पुढे सरकू देत नाही आणि पाणी मागे सांगलीत तुंबतं. त्याच्याही खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येते. कोल्हापुरात महापूर असेल तर तीही दाब धरून ठेवते. त्यात आपल्या भागात नदीला उतार कमी आणि वळणं फार, त्यामुळे पाणी येतं सावकाश आणि जातंही सावकाश.

म्हणून टीव्हीवर सांगलीचं हवामान बघून उपयोग नाही. नवजा, कोयना, महाबळेश्वरला गेल्या चोवीस तासांत किती मिलिमीटर पडला ते बघा. तीन-चार दिवस लागोपाठ रोज दोनशेच्या पुढे आकडे दिसले, तर इथे कडक ऊन असलं तरी माळ्यावरची रिकामी पोती खाली काढा.

"आयर्विनला 38 फूट" म्हणजे काय? 38 फूट पाणी गावात आलं?

नाही. आयर्विन हा सांगलीतला कृष्णेवरचा पूल, 1929 सालचा. तिथे नदीची पातळी मोजतात आणि सगळं शहर त्या एका आकड्यावर बोलतं. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. हे फूट तिथल्या मोजपट्टीवरचे, तुमच्या रस्त्यावरचे नव्हेत.

धोका पातळी 45 आहे म्हणजे तोवर सगळे निर्धास्त, असंही नाही. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या सखल भागांतल्या लोकांना इशारा पातळी यायच्या आधीच सामान उचलावं लागतं. उलट गावभागात पन्नाशी जवळ आली तरी काही गल्ल्या कोरड्या असतात. 2005 ला आकडा 54 फुटांच्या जवळ गेला, 2019 ला 57 फुटांच्याही वर आणि 2021 ला 55 च्या घरात.

मग माझ्या घराचा आकडा कोणता?

हा प्रश्न विचारणारा माणूस मला सगळ्यात शहाणा वाटतो, कारण बाकी सगळं यावरच बेतलेलं आहे.

आमचे सासरे, अण्णा, पाटबंधारे खात्यात नव्हते की इंजिनिअर नव्हते. किराणा दुकानात हिशेब लिहायचे. 2005 ला पाणी गल्लीच्या तोंडाशी आल्यापासून त्यांनी रेडिओवर ऐकलेला आयर्विनचा आकडा आणि आपल्या गल्लीतली पाण्याची जागा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली. पिंपळाच्या पाराला पाणी लागलं तेव्हा किती, पहिल्या पायरीला लागलं तेव्हा किती, उंबरा ओलांडला तेव्हा किती. त्यातून निघालं की आमचा उंबरा साधारण 51 फुटांवर आहे. पार बुडतो 48 ला. ते कॅलेंडर अजून आहे. 2019 ला आणि 2021 ला तो हिशेब अर्ध्या फुटाच्या आतबाहेर बरोबर निघाला.

तुम्ही नवीन असाल तर शेजारच्या जुन्या माणसाला एवढंच विचारा: "2019 ला तुमच्या भिंतीवर पाणी कुठवर होतं?" समजा त्यांनी छातीपर्यंत, म्हणजे चार फूट सांगितलं, तर त्या वर्षीच्या सर्वाधिक पातळीतून, 57 मधून, ते चार वजा करा. 53 हा तुमच्या जमिनीचा ढोबळ आकडा झाला. शहरात सगळीकडे पाणी अगदी एका पातळीत नसतं, म्हणून एक फूट पदरी सूट ठेवा. मग 52 फूट ही खूण स्वयंपाकघराच्या दारामागे पेनानं लिहा. घरातल्या प्रत्येकाला, शाळेतल्या मुलांनाही, तो आकडा पाठ पाहिजे.

बातमीत "कोयनेचे दरवाजे तीन फूट उघडले" असं आलं. नदी तीन फूट वाढणार का?

दरवर्षी या एका वाक्यानं निम्मी सांगली घाबरते. कोयना धरणाला सहा वक्र दरवाजे आहेत आणि ते किती उचलले ते फुटांत सांगतात. त्या फुटांचा आणि आयर्विनच्या फुटांचा काही संबंध नाही. बघायचं ते विसर्ग किती क्युसेक.

कोयना धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून 2100 क्युसेक सोडले अशी बातमी आली तर जेवण करून निवांत झोपा, एवढं पाणी नदीला काहीच नाही. 20-25 हजार म्हणजे लक्ष ठेवा. 50 हजारांच्या पुढे गेलं, वारणेवरच्या चांदोली धरणातूनही पाणी सोडणं चालू आहे आणि वर पाऊस थांबलेला नाही, असं तिन्ही जुळलं की कामाला लागा.

हिशेब असा आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. एक लाख क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं तर ते 8.64 टीएमसी, म्हणजे 8.64 अब्ज घनफूट, होतं. कोयनेची साठवण 105.25 टीएमसी आहे, चांदोलीची 34.40. धरण जुलैअखेरीस किती टक्के भरलंय हे म्हणूनच महत्त्वाचं. निम्मं रिकामं असेल तर ते पुष्कळ पाणी पोटात घेतं. काठोकाठ असेल तर जेवढं वरून येईल तेवढं खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसतं.

पण सगळा दोष धरणाला देऊ नका, आणि सगळा भरवसाही धरणावर ठेवू नका. धरणाच्या खालच्या अंगाला जो पाऊस पडतो, त्याला अडवणारं काहीच नाही. तो ओढ्यानाल्यांतून थेट नदीत येतो. 2021 च्या जुलैत घाटमाथ्यावर दोन-तीन दिवसांत जो पाऊस झाला, त्यानं पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या आणि आपल्याकडे बघता बघता पाणी चढलं. 2019 ला तयारीला वेळ तरी मिळाला होता.

कोयनेचं पाणी सांगलीला यायला किती वेळ लागतो?

एक दिवस तरी धराच. नदी आधीच भरून वाहत असेल, वारणेला किती पाणी आहे, यावर मागेपुढे होतं. मधल्या खुणा बघत राहा. कऱ्हाड, बहे पूल, ताकारी पूल, भिलवडी पूल इथले आकडे पाटबंधारे विभाग देतो. भिलवडीला पातळी चढायची थांबली तर आपल्याकडे थोड्या वेळानं थांबणार हे कळतं. माझी मावसबहीण भिलवडीला असते. पूर आला की आम्हा दोघींचं दर दोन तासांनी एकच बोलणं: "चढतंय का?" "बोटभर." तेवढ्यावर मी इथे ठरवते.

नुसता आकडा विचारू नका, वेग विचारा. तासाला दोन इंच चढतंय की सहा, हे 42 आहे की 43 यापेक्षा जास्त सांगून जातं.

आणि एक जुनी खूण. नदीकाठचे शेतकरी पात्रातल्या मोटारी काढून वर न्यायला लागले, ट्रॅक्टरवर मोटारी आणि पाइप दिसायला लागले, की समजा पाणी येतंय. त्यांचे पैसे त्यात अडकलेले असतात, ते उगीच धावपळ करत नाहीत.

अलमट्टीमुळेच पूर येतो ना?

यावर आमच्या घरात जेवणं थंड झालेली आहेत. थोडक्यात सांगते. अलमट्टी हे कृष्णेवरचंच धरण, आपल्या खाली कर्नाटकात, साठवण 123 टीएमसी, पाणी साठवण्याची सध्याची पातळी 519.60 मीटर. ती 524.256 मीटरपर्यंत न्यायचा कर्नाटकचा आग्रह आहे आणि त्याला महाराष्ट्राचा, त्यातही सांगली-कोल्हापूरचा, विरोध आहे. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 मध्ये अहवाल दिला. त्यात अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणारं पाणी, हे महापुराचं कारण धरलेलं नाही. पूर नियंत्रणासाठी इथे झटणाऱ्या बऱ्याच लोकांना ते पटलेलं नाही.

माझं मत विचाराल तर उंची वाढवू नये. आधीच नदीला पुढे सरकायला जड जातं, त्यात आणखी जोखीम कशाला घ्यायची? पण तेवढ्याच तळमळीनं आपण आपल्या गावातले बुजवलेले ओढे, नदीपात्रात टाकलेला भराव, पूररेषेत चढलेले मजले यांवर बोललं पाहिजे, आणि तिथे आपले शेजारी, नातेवाईक गुंतलेले असल्यामुळे आपण गप्प बसतो. पावसाळ्यात मात्र वाद बाजूला ठेवून अलमट्टीत आवक किती आणि विसर्ग किती ते रोज बघा. आवकेपेक्षा विसर्ग कमी दिसत असेल तर आपल्या बाजूनं आवाज उठवायची वेळ ती.

पाणी पहिल्यांदा कुठून येतं? दारातून?

मोरीतून. हे कुणी सांगत नाही. नदीचं पाणी वाढलं की शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून ते उलटं शहरात शिरतं, गटारं भरतात आणि समोरचा रस्ता कोरडा असताना न्हाणीघराच्या जाळीतून, संडासाच्या भांड्यातून काळं पाणी वर येतं. वाळूनं भरलेली दोन छोटी पोती आधीच तयार ठेवा. एक जाळीवर, एक भांड्यावर. पूर त्यानं अडत नाही, पण सामान वर न्यायला तास-दोन तास मिळतात आणि घाण कमी येते.

शामरावनगरसारख्या भागात नदी न चढताही नुसत्या पावसाचं पाणी आठवडेच्या आठवडे तुंबतं. तो प्रश्न वेगळा आहे, तिथे आयर्विनचा आकडा बघून फसाल.

घर सोडायचं कधी?

तुमच्या उंबऱ्याच्या आकड्याच्या तीन फूट आधी, आणि उजेड असताना. दोन्ही अटी पाळायच्या. घर कोरडं असलं तरी बाहेर पडायचा रस्ता आधी बुडतो. आमचा उंबरा 51 ला, पण कोपऱ्यावरचा रस्ता 48 लाच जातो. म्हणजे आमच्यासाठी खरा आकडा 48 आहे.

2019 ला आम्ही चुकलो. 2005 ला घरात कमरेएवढं पाणी आलं होतं, म्हणून सगळं सामान कमरेच्या वर, टेबलांवर, ओट्यावर ठेवलं आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. सगळे म्हणत होते, "2005 च्या वर काय जातंय?" गेलं. खाली सहा फुटांवर पाणी. लाईट नाही, प्यायला पाणी नाही, अण्णांच्या साखरेच्या गोळ्या खालच्या कपाटात राहिलेल्या. तिसऱ्या दिवशी बोटीतून उतरवलं तेव्हा त्यांना खिडकीतून चादरीच्या झोळीत खाली घेतलं. ते त्या पुरातून वाचले, पण त्यानंतर पुन्हा कधी आकडे लिहून ठेवले नाहीत. आता ते मी लिहिते.

मागच्या पुराची उंची ही पुढच्या पुराची मर्यादा नसते. जागा असेल तर वरच्या मजल्यावर राहू हा विचारही सोडून द्या. पाणी चार-पाच दिवस उतरत नाही आणि वर अडकलेल्या माणसाला काढायला दुसऱ्या कुणाचा तरी जीव पणाला लागतो.

काय काय उचलायचं आणि कोणत्या क्रमानं?

आधी माणसं, औषधं, कागद. रेशनकार्ड, आधार, सातबारा, खरेदीखत, विम्याचे कागद, मुलांचे दाखले एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, सगळ्यांचे फोटो मोबाइलवर काढून बाहेरगावच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. हे आत्ताच करा, जूनमध्ये.

मग धान्य, अंथरूण, मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन. शिलाई मशीन मुद्दाम लिहिते आहे, कारण गल्लीतल्या तिघींचा संसार त्यावर चालतो आणि पुरात ती खालीच राहतात.

फ्रिज वर नेता येत नसेल तर दार काढून किंवा दोरीनं बांधून आडवा करून ठेवा. मोकळा ठेवला तर तो तरंगतो, फिरत फिरत दाराला येऊन अडकतो आणि नंतर दार उघडत नाही. गॅसचं सिलिंडरही तरंगतं. रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीनं बांधा. आतल्या खोल्यांची लाकडी दारं उघडी ठेवून अडकवा. ती फुगून बसली की तोडावी लागतात. बाहेर पडताना मेन स्विच बंद.

घरात आजारी किंवा म्हातारं माणूस आहे.

त्यांना सगळ्यांच्या आधी, पाणी 40 च्या आसपास असतानाच हलवा. ते नको म्हणणार. "माझं घर सोडून मी कुठं जात नाही" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. अण्णांना मी पुढच्या वेळी, 2021 ला, असं सांगितलं की उंचावरच्या विश्रामबागला नातीकडे चार दिवस जाऊन या. पूर हा शब्दच काढला नाही. डायलिसिसवरचे रुग्ण आणि दिवस भरत आलेल्या बायका यांनी आपला दवाखाना पुराच्या पट्ट्यात येतो का, हे जुलैतच विचारून ठेवावं. 2019 ला अनेक दवाखान्यांतही पाणी शिरलं होतं. रुग्णवाहिकेला 108, कुठल्याही संकटात 112, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077.

जनावरांचं काय करायचं?

दावणीला बांधून जाऊ नका. एवढं एक तरी करा. न्यायला जमलं नाही तर दावं कापून सोडा. जनावर पोहतं, उंच जागा शोधतं. दावणीला मेलेली जनावरं 2019 ला ज्यांनी बघितली त्यांना हे सांगावं लागत नाही.

जमत असेल तर पाणी शिवाराला लागतानाच सगळी जनावरं उंचावरच्या गावी पाहुण्यांकडे न्या. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर आणि जनावराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढे भरपाई मागताना तोच पुरावा. दोन दिवसांची वैरण आधी कापून वर टाका, शिवार बुडालं की वाडंसुद्धा मिळत नाही.

उसात पाणी साचलंय, वाचेल का?

शेंडा पाण्याच्या वर राहिला तर बऱ्याचदा वाचतो. शेंडा बुडून पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गुंडाळीत, गाळ बसला तर कुजतो. सोयाबीन, भुईमूग, भाजीपाला फार तग धरत नाही. पाणी उतरल्यावर चर काढून साचलेलं पाणी लवकर बाहेर काढा आणि पुढचं कृषी सहायकाला विचारा.

बोट आली तर लगेच चढायचं का?

लाइफ जॅकेट मिळालं तर, आणि बोटीत जेवढी माणसं मावतात तेवढीच असतील तर. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. त्यात बाया होत्या, लेकरं होती. ती माणसं बेफिकीर नव्हती, पाणी चहूबाजूंनी वाढत होतं आणि पुन्हा बोट येईल याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून हात जोडून सांगते, बोटीची वेळ येऊच देऊ नका. रस्ता दिसतो आहे तोवर पायी निघा.

पूर बघायला मुलांना पुलावर नेलं तर?

लांबून, कठड्यापासून मागे राहून, पाणी 40 च्या आत असताना न्या. कृष्णामाई केवढी होते हे मुलांनी बघितलंच पाहिजे. बायका ओटी भरायला जातात, मीही जाते. पण काठावर सेल्फी, पुलावरून उड्या, पाण्यातून गाड्या घालणं यात दरवर्षी कुणाचा तरी मुलगा जातो. रस्त्यावर गुडघाभर पाणी वाहतं असेल तर त्यात उतरू नका, खाली उघडं गटार असू शकतं.

मगरी गावात येतात हे खरं?

भिलवडी, औदुंबर, डिग्रजच्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत आणि पुराबरोबर त्या शेतात, ओढ्यांत येतात. पाणी उतरल्यावर डबक्यात राहिलेल्या दिसतात. दगड मारू नका, वनविभागाला कळवा.

त्याहून जास्त भीती सापांची. माणसांसारखेच तेही उंच कोरडी जागा शोधतात, म्हणजे तुमचा माळा, सरपणाचा ढीग, बुटांचा स्टँड. घरात पहिल्यांदा जाताना काठी आपटत जा, बूट झटकून घाला. चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखान्यात न्या, प्रतिसर्पविषाची लस तिथे मोफत मिळते.

पाणी उतरलं. आता घरात जाऊ?

मातीच्या भिंतींचं जुनं घर असेल तर नको. अशा भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी उतरून ऊन लागलं की बसतात. आमच्या मागच्या वाड्याची भिंत पाणी गेल्यावर चौथ्या दिवशी दुपारी पडली. पूर गेला म्हणून सगळे निर्धास्त होते. तडे, फुगवटा, दारांच्या चौकटी तिरक्या झाल्यात का हे बाहेरून बघा, मगच आत जा.

पक्कं घर असेल तर उलट घाई करा. पाणी उतरत असतानाच, घोट्याएवढं राहिलं की खराट्यानं गाळ ढवळत त्या पाण्याबरोबरच बाहेर ढकला. हे एक काम वेळेवर जमलं तर चार दिवसांचे कष्ट वाचतात. गाळ वाळला की तो खरवडून काढावा लागतो, आणि तेव्हा पाण्याचे टँकर मिळत नाहीत. पायात गमबूट घाला, जखम असेल तर गाळात पाय घालूच नका. लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, ताप आला तर अंगावर काढू नका.

पण खराटा हातात घ्यायच्या आधी फोटो.

पंचनाम्यासाठी काय ठेवायचं?

प्रत्येक खोलीचे फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. भिजलेल्या वस्तू एकत्र ठेवून त्यांचेही. मग सामान रस्त्यावर टाका. 2019 ला आम्ही दुर्गंधीला कंटाळून आधी सगळं फेकलं आणि पाहणीला आलेल्या माणसानं "नुकसान दिसत नाही" असं लिहिलं. तो माणूस वाईट नव्हता, त्याला दिसलं तेच त्यानं लिहिलं. तलाठी किंवा पाहणी करणारे येतील तेव्हा घरातलं कुणीतरी हजर पाहिजे आणि नोंद काय झाली ते सही करायच्या आधी वाचा. भाडेकरूंनी घरमालकावर अवलंबून राहू नये, भाडेकरार आणि त्या पत्त्याचा काही पुरावा जपून ठेवावा.

गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काही मिळत नाही. गाडी पाण्यात बुडालेली असेल तर चालू होते का बघायला किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी गेलेलं असलं तर तेवढ्यानं ते कायमचं निकामी होतं आणि विमा कंपनीही हात वर करते. टोइंग करून न्या.

लाईट आली, बटण दाबू?

नाही. मीटर, बोर्ड, मोटार वायरमननं तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. महावितरणचा नंबर 1912. दुरुस्ती करतानाच खालचे सगळे प्लग छातीच्या वर घ्या.

प्यायचं पाणी?

नळाला पाणी आलं तरी पहिले काही दिवस उकळूनच. पाणी शुद्ध करायचे मेडिक्लोरचे थेंब महापालिकेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या लोकांकडून मिळतात. आड किंवा बोअर बुडाला असेल तर उपसून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून, तपासणी झाल्यावरच वापरा.

नदीकाठी घर घेतोय. काय बघू?

पाटबंधारे खात्यानं दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींवर. महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशावर आपला सर्व्हे नंबर स्वतः बघा, दलालाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे एकदा आला की चोवीस वर्षं सुट्टी, असाही अर्थ नाही. 2019 आणि 2021 मध्ये दोनच वर्षांचं अंतर होतं.

आणि मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन एक चहाचा पुडा घ्या आणि इथे पाणी कुठवर येतं ते विचारा. घराच्या भिंतीवर खालच्या चार फुटांनाच नवा रंग दिसला तर का ते विचारा. प्लॉटवर भराव टाकून उंच केलेलं घर तुम्हाला वाचवेल, पण ते पाणी शेजाऱ्याच्या घरात जाणार, हेही घेताना मनात असू द्या.

हरिपुरात हळदीची पेवं असायची म्हणे, ती पुन्हा का होत नाहीत?

पुराच्या यादीत हा प्रश्न बसत नाही, पण हरिपूरला गेलेला प्रत्येक जण विचारतो. जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यात हळद वर्षानुवर्षं साठवायची, ती किडायची नाही. 2005 ला त्यात पाणी शिरलं, हळदीचं फार मोठं नुकसान झालं आणि बहुतेक पेवं कायमची गेली. पुढे गोदामं, शीतगृहं आली. त्या पेवांत हळद भरतानाचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना नुकसानीचा आकडा सांगून काही कळत नाही.

एवढं सगळं असताना तुम्ही हे घर सोडत का नाही?

विकलं तर पडेल त्या भावानं जातं आणि त्या पैशात विश्रामबागला दोन खोल्याही येत नाहीत. हे पहिलं उत्तर, आणि गल्लीतल्या बहुतेकांचं एवढंच आहे. सरकार पुनर्वसनाच्या गोष्टी करतं तेव्हा हे लक्षात ठेवलं पाहिजे की नदीकाठी सगळ्यात खाली राहणारी माणसं हौसेनं तिथे राहत नाहीत.

दुसरं, वर्षातले अकरा महिने ही नदी आम्हाला पाजते. या काळ्या जमिनी, हा ऊस, ही हळद तिच्याच गाळावर आहे. संध्याकाळी घाटावर गेलं की वारा येतो. मला दुसरीकडे झोप लागत नाही.

भिंतीवरची पाण्याची खूण पुसून रंगवून टाकू का?

एका जागी तरी ठेवा. आम्ही पुढच्या खोलीत दाराजवळची वीतभर पट्टी न रंगवता सोडली आहे. खाली 2005 ची रेघ, तिच्यावर 2021 ची आणि माझ्या डोक्याच्या वर 2019 ची. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची पोरगी दर वाढदिवसाला तिथे पाठ टेकवून उभी राहते आणि पेन्सिलनं खूण करते. या मे महिन्यात तिनं 2021 ची रेघ ओलांडली.